हस्ताचा पाऊस आणि ३० सप्टेंबरची रेघ



उत्तरा नक्षत्र सरत आलंय. चार दिवसांनी हस्त लागतोय. काल सांजच्याला मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात राहणाऱ्या मेव्हण्याचा फोन आला. म्हणाला, "दाजी, औंदा भात झकास पोसलंय. आता हे आभाळ एकदाचं मोकळं झालं म्हंजे मिळवलं." मी इकडं माणमध्ये बांधावर उभा. म्हणलं, "पाव्हणं, तुमचं मोकळं होऊ द्या, पण आमच्याकडं भरू द्या. हत्ती बरसला न्हाय तर आम्ही शाळू पेरायचा कशावर?" दोघंबी हसलो.

फोन ठेवल्यावर मात्र हसू आलं नाही. जिल्हा एक, सातारा. पंधरवडा एक. त्याला पाऊस थांबायला पाहिजे, मला सुरू व्हायला पाहिजे. आणि आम्ही दोघं मोबाईलवर जो अंदाज वाचतो तो बहुतेक वेळा एकच असतो, "मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी पाऊस". आता ह्या एका ओळीतलं त्याचं कुठलं आणि माझं कुठलं?

म्हणून आज पिकाचं न लिहिता ह्या अंदाजाचाच इतिहास लिहितोय. मी दहावी पास माणूस. शाळेत इतिहास म्हणजे सनावळ्या, नकोसा वाटायचा. पण पावसाच्या अंदाजाचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं, की ह्यात आपलीच गोष्ट आहे. जरा लांबलंय, पण सवडीनं वाचा.

डोंगराचा पाऊस वेगळा, देशावरचा वेगळा

आधी जमिनीचं बघू. महाबळेश्वर आणि दहिवडी ह्यांच्यात सरळ रेघेत शंभर किलोमीटरसुद्धा अंतर नाही. पण महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो आणि आमच्या माणमध्ये साडेचारशे-पाचशे झाला तरी आम्ही पेढे वाटतो. म्हणजे दहा-बारा पटींचा फरक.

कारण सोपं आहे. जून ते ऑगस्ट वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. बाष्पानं भरलेला हा वारा सह्याद्रीला आडतो, वर चढतो, गार होतो आणि तिथंच रिकामा होतो. घाट उतरून पूर्वेला येईपर्यंत त्याच्यात राम उरत नाही. आमच्याकडं नुसता सुसाट वारा आणि पळतं आभाळ. त्यालाच पर्जन्यछाया म्हणतात. डोंगराच्या सावलीत बसलेला हा सगळा पट्टा, माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला.

मग आम्हाला पाऊस येतो कुठनं? तो येतो उलट्या बाजूनं. सप्टेंबरमध्ये पश्चिमेचा जोर कमी होतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात ते आंध्र-तेलंगणावरून आपल्याकडं सरकतात. दुपारपर्यंत रणरणतं ऊन, चार वाजता पूर्वेला काळं आभाळ, कडकडाट, आणि तासाभरात ओढे भरून वाहतात. गावात म्हणतात, "उगवतीचं आभाळ उठलं तर छत्री शोध." माण असो की सोलापूर, वर्षातला सगळ्यात जास्त पावसाचा महिना जुलै नाही, तर सप्टेंबर आहे. आमचा खरा पावसाळा म्हणजे उत्तरा, हस्त आणि थोडा चित्राचा.

आणि ह्याच दिवसांत वर डोंगरात भात निसवून पिवळं पडायला लागलेलं असतं. महाबळेश्वरकडं स्ट्रॉबेरीची रोपं लावायचं काम चाललेलं असतं. तिथं ऑक्टोबरात जोराचा पाऊस झाला की भात आडवं होतं, लोंब्या पाण्यात पडतात, स्ट्रॉबेरीची रोपं कुजतात. एकाचं सोनं ती दुसऱ्याची माती.

आजोबांचं कॅलेंडर

आमच्या आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नक्षत्रं पाठ होती. पावसाची नक्षत्रं सूर्यावरून धरतात, म्हणून दरसाल जवळजवळ त्याच तारखेला येतात. उत्तरा १३ सप्टेंबरच्या आसपास, हस्त २७ सप्टेंबरच्या, चित्रा १०-११ ऑक्टोबरच्या आणि स्वाती २४ ऑक्टोबरच्या. चंद्राच्या तिथीसारखा मागं-पुढं महिनाभराचा घोळ नाही. शेताच्या कामाला हे कॅलेंडर चोख.

हस्ताला आपण हत्ती म्हणतो. पोरी पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायच्या, हादगा म्हणायच्या. आता विचार करा, ज्येष्ठातल्या पहिल्या पावसाचा एवढा थाट नाही, पण हस्ताच्या पावसाला पोरींनी गाणी म्हणायची. देशावरच्या माणसाला कुठला पाऊस जगवतो, हे त्या हादग्यातच सांगितलंय. स्वातीच्या पावसाला तर जुनी माणसं मोत्याचं मोल द्यायची, कारण पोटरीत येऊ घातलेल्या शाळूला तेवढी एक सर मिळाली की कणीस भरलंच.

पण ह्या कॅलेंडरची एक मर्यादा होती. पाऊस कधी यायला पाहिजे हे ते सांगत होतं. यंदा येणार का, हे सांगत नव्हतं. त्यासाठी पंचांगात वाहन बघायचे. हस्ताचं वाहन म्हैस असलं तर पाऊस चांगला, गाढव असलं तर तुटक. ह्याचा आणि पावसाचा संबंध मला माझ्या वहीत तरी कधी सापडला नाही. तारीख आजोबांची खरी, वाहन मात्र नुसती करमणूक, असं माझं मत. राग मानू नका.

१८७६ : हस्त कोरडा गेला ते साल

सरकारनं हवामानाचं खातं १८७५ साली काढलं. त्याच्या आधी १८६४ ला कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ झालं होतं, मग दुष्काळ पडले होते. हेन्री ब्लॅनफर्ड नावाचा साहेब ह्या खात्याचा पहिला प्रमुख.

खातं निघून वर्ष होतंय तोवर १८७६ उजाडलं. त्या साली आपल्या दख्खनच्या जिल्ह्यांत सुरुवातीचा पाऊस कमी झाला, पण माणसं धीर धरून होती. कशावर? परतीच्या पावसावर. खरीप गेलं तरी शाळू येईल, कडबा होईल, जनावरं जगतील. आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे दोन महिने जवळजवळ कोरडे गेले. चार-दोन शिंतोडे, बस्स. रब्बी पेरताच आलं नाही. १८७६ ते ७८ चा जो भयंकर दुष्काळ आपण वाचतो, तो आपल्या भागात खरा घट्ट झाला तो ह्या दोन महिन्यांत. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं तेव्हा गावोगावची हकिगत गोळा करून सरकारला कळवली होती. आमच्याकडचा म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव त्याच दुष्काळी कामातला. आज त्याच्या भिंतीवरून जाताना बघा, ती दगडमाती उपाशी माणसांनी वाहिलेली आहे.

दुष्काळानंतर आयोग बसला, १८८० ला त्याचा अहवाल आला. सरकारला वाटलं, पाऊस फसणार हे आधी कळलं तर धान्याची तजवीज करता येईल. ब्लॅनफर्डला काम सांगितलं. त्यानं असं धरलं, की हिमालयावर हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडला की पुढचा मान्सून कमजोर. त्यावरून काही वर्षं अंदाज करून बघितले आणि १८८६ च्या जूनमध्ये सबंध हिंदुस्थानचा पहिला जाहीर अंदाज निघाला.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या मंडळी. अंदाजाची गरज निर्माण झाली ती सगळा पावसाळा, अगदी सप्टेंबर-ऑक्टोबरसुद्धा कोरडा गेल्यामुळं. पण अंदाज जो निघाला तो जूनपासूनच्या पावसाचा, सगळ्या देशाचा मिळून. सरकारला एक आकडा पाहिजे होता. त्याचं चूक नाही, राज्यकारभाराला तसंच लागतं. पण शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा होता. किती पडणार हा त्याचा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा, की कुठल्या आठवड्यात पडणार आणि डोंगराच्या कुठल्या अंगाला पडणार.

शिमला ते शिवाजीनगर

ब्लॅनफर्डनंतर जॉन इलियट आला. त्यानं हिमालयाच्या बर्फासोबत आणखी पुष्कळ गोष्टी धरून लांबलचक अंदाज द्यायला सुरुवात केली. १८९९ साली अंदाज चांगल्या पावसाचा आणि पडला भीषण दुष्काळ. लोकांनी, वर्तमानपत्रांनी एवढं धारेवर धरलं की पुढं काही वर्षं अंदाज जाहीरच केला नाही, सरकारातच ठेवला. आज अंदाज चुकला की आपण मोबाईलवर विनोद फिरवतो. ती परंपरा सव्वाशे वर्षांची आहे म्हणायची!

१९०४ ला गिल्बर्ट वॉकर आला. हा मूळचा गणिताचा माणूस. त्यानं जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे मांडून बसला आणि कशाचा कशाशी मेळ बसतो ते मोजत राहिला. त्यातून त्याला दिसलं, की प्रशांत महासागराकडं दाब चढला की हिंदी महासागराकडं उतरतो, झोपाळ्यासारखं. आज आपण एल निनो, एल निनो म्हणतो, त्याचा एक पाय ह्या शोधात आहे. हिंदुस्थानचा पाऊस का चुकतो ते शोधता शोधता सगळ्या जगाच्या हवेचं एक कोडं सुटलं.

खात्याचं मुख्य ऑफिस कलकत्त्याहून १९०५ ला शिमल्याला गेलं आणि १९२८ ला शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरला ती दगडी इमारत अजून आहे. पुणेकर त्या चौकाला "सिमला ऑफिस" म्हणतात. मी पहिल्यांदा एसटीनं पुण्याला गेलो तेव्हा कंडक्टरनं "सिमला ऑफिस" पुकारलं, तर मला वाटलं सफरचंदाचं गोडाऊन असंल. १९४४ ला मुख्य ऑफिस दिल्लीला गेलं, पण पुण्याचं महत्त्व राहिलं.

आपल्यासाठी मोलाची गोष्ट म्हणजे १९३२ साली पुण्यात शेतीच्या हवामानाचा वेगळा विभाग निघाला. एल. ए. रामदास त्याचे प्रमुख. वरच्या आभाळाबरोबर जमिनीलगतची हवा, ओल, दव, पिकाला लागणारी ऊब ह्यांचा अभ्यास तिथं सुरू झाला. साधारण त्याच काळात, १९३३ ला, सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र आलं. आणि मोहोळला निवडलेला मालदांडी ३५-१ शाळू आजही आमच्या रानात उभा आहे. परतीच्या ओलीवर येणारं, नंतर पाण्याचा थेंब नसला तरी दाणा आणि कडबा दोन्ही देणारं वाण.

रेडिओवरचे चार शब्द

१९४५ पासून शेतकऱ्यांसाठीचा हवामानाचा अंदाज आकाशवाणीवरून येऊ लागला. आमच्या घरात रेडिओ पुष्कळ नंतर आला. आबा, म्हणजे माझे वडील, सांजच्याला तो कानाला लावून बसायचे. मी लहान होतो. "कोकणात बहुतेक ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी" असं आलं की आबा रेडिओ बंद करायचे आणि म्हणायचे, "तुरळक म्हंजे आपण न्हाय."

त्या शब्दांचा हिशेब मला पन्नाशीत कळला, तो तुम्हाला सांगतो, कारण अजून बातम्यांत तेच शब्द येतात. एका विभागात जेवढी पाऊस मोजायची ठिकाणं आहेत, त्यातल्या पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस अपेक्षित असेल तर "तुरळक ठिकाणी". पावापासून निम्म्यापर्यंत "काही ठिकाणी". निम्म्यापासून पाऊण हिश्श्यापर्यंत "बऱ्याच ठिकाणी". त्याच्या वर "बहुतेक ठिकाणी". हे शब्द पाऊस किती पसरणार ते सांगतात, किती जोराचा पडणार ते नाही. जोराचा शब्द वेगळा असतो, हलका, मध्यम, मुसळधार. तुरळक ठिकाणी मुसळधार असंही असू शकतं, आणि नेमकं तेच हस्तात होतं.

आता गंमत बघा. हवामान खात्याच्या नकाशात "मध्य महाराष्ट्र" हा एक उपविभाग. नाशिकपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत. त्यात महाबळेश्वर पण आहे आणि म्हसवड पण. सहा हजार मिलिमीटरवाला आणि पाचशेवाला एकाच पंगतीला बसवलेत. महाबळेश्वरात धो-धो पडला की कागदावर मध्य महाराष्ट्राची सरासरी गाठली जाते, आणि आमच्याकडं ढेकूळ फुटलेलं नसतं.

बहात्तर

१९७२ चा दुष्काळ मी पाहिला नाही म्हटलं तरी चालेल, अगदी तान्हा होतो. पण तो घरात रोज ऐकला. खरीप गेलं. आबा हस्ताची वाट बघत होते. कुरी, पाभर सगळं दुरुस्त करून ठेवलेलं. बियाण्याचा शाळू मडक्यात राखेत घालून आईनं उतरंडीला ठेवला होता. हस्त गेला, चित्रा गेली. घरात खायला काही राहिलं नाही तेव्हा आजी म्हणाली, बी दळूया. आबांनी दळू दिलं नाही. खडी फोडायला गेले, मजुरीवर मिळालेल्या परदेशी मिलोची भाकरी खाल्ली, पण मडकं फोडलं नाही. पुढच्या साली त्याच बियाण्यावर पेर झाली.

हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. परतीचा पाऊस चुकला म्हणजे काय, ते सांगतोय. जूनचा पाऊस चुकला तर पिकाची चिंता. हस्त चुकला तर बियाणं खायचं का ठेवायचं, ही चिंता.

माझी दोन सालं

१९८८ ला वसंतराव गोवारीकर ह्या आपल्या मराठी शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं सोळा गोष्टी धरून अंदाज काढायची पद्धत आली. पुढची बरीच वर्षं ती चांगली चालली. २००२ ला मात्र सर्वसाधारण पावसाचा अंदाज असताना जुलै निम्मा कोरडा गेला आणि देशात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस झाला. मग पद्धत बदलली. आता उपग्रह आहेत, रडार आहेत, मोठे संगणक आहेत. चार-पाच दिवसांचा अंदाज आबांच्या काळाच्या मानानं कितीतरी खरा ठरतो, हे मी वहीवरून सांगतो.

तरी मी दोनदा फसलो. दोन्ही वेळा परतीच्या पावसात.

पहिलं साल २०१८. मान्सूनचा देशाचा आकडा काही फार वाईट नव्हता. ते ऐकून मी निवांत होतो. उत्तरा कोरडी गेली. हस्त लागला, आभाळ निळंशार. शेजारी म्हणाले थांब. मला वाटलं, पडंलच, आणि मी सहा एकर शाळू धुळीत टोचला. पुढं हत्ती नाही, चित्रा नाही. बी जाग्यावर किड्या-मुंग्यांनी नेलं. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढचा उन्हाळा आमच्या भागात चारा छावण्यांचा. घरची खिलार बैलजोडी मी त्या साली विकली. दावण रिकामी झाली तेव्हा घरची मंडळी दोन दिवस गोठ्याकडं फिरकली नाहीत.

दुसरं साल २०२०. त्या साली सप्टेंबरच्या शेवटी बातमी आली, राजस्थानातून मान्सून परतायला लागला. मी धरलं, संपला. बाजरीची कणसं खळ्यावर उघडी ढीग लावून ठेवली, मळणीचं मशीन येणार होतं. शाळू पेरून उगवून आला होता. आणि १३-१४ ऑक्टोबरला बंगालच्या उपसागरातलं ते वादळी दाबक्षेत्र आंध्रातून शिरलं, तेलंगणा, सोलापूर, पंढरपूर, सांगली, सातारा करत थेट अरबी समुद्रात गेलं. एका रात्रीत बांध फुटले. शाळूची कोवळी ताटं मातीखाली गेली. बाजरीच्या कणसाला चौथ्या दिवशी मोड आले.

खरं सांगतो, त्या वेळी अंदाज चुकला नव्हता. इशारा दोन दिवस आधी आला होता. मी वाचला पण. पण मनात पक्कं बसलेलं, जोराच्या पावसाचा इशारा म्हणजे घाटातला, डोंगरवाल्यांचा. मेव्हण्याला फोन करून सांगितलं, "पाव्हणं, भात झाका." आणि स्वतःच्या बाजरीवर ताडपत्री टाकली नाही. आयुष्यभर "आपण न्हाय" ऐकलेला माणूस, "आपण हाय" म्हणायची वेळ आली तेव्हा गाफील राहिला.

ती रेघ

आता मुद्द्यावर येतो. सरकारी हिशेबात मान्सून म्हणजे १ जून ते ३० सप्टेंबर. सगळ्या देशाचा पाऊस, सरासरी ८७ सेंटिमीटरच्या आसपास, ह्या चार महिन्यांचा मोजतात. ९६ ते १०४ टक्के म्हणजे सर्वसाधारण. ३० सप्टेंबरच्या रात्री वही बंद. १ ऑक्टोबरपासून "मान्सूनोत्तर" अशी दुसरी वही.

आणि हस्त कधी? २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. म्हणजे आमच्या सगळ्यात मोलाच्या पावसाच्या मधोमध ही रेघ जाते. त्याचे तीन-चार दिवस एका वहीत आणि दहा दिवस दुसऱ्या वहीत. एप्रिल महिन्यात जो मोठा अंदाज येतो, ज्याची पहिल्या पानावर बातमी होते, त्यात आमच्या हस्ताचा मोठा भाग बसतच नाही. आणि ऑक्टोबर-डिसेंबरचा जो अंदाज निघतो त्यात मुख्य लक्ष तामिळनाडूकडच्या पावसावर असतं, कारण त्यांचा पावसाळा तोच. आम्ही मधल्या फटीत.

खात्यानं काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. २०२० साली त्यांनी मान्सूनच्या येण्या-जाण्याच्या तारखा नव्या आकड्यांवरून बदलल्या. आधीच्या तारखा १९०१ ते १९४० च्या आकड्यांवर होत्या. वायव्येकडून परतायला सुरुवात १ सप्टेंबरला धरायचे, ती १७ सप्टेंबर झाली. मुंबईतून परतायची तारीख २९ सप्टेंबर होती, ती ८ ऑक्टोबर झाली. म्हणजे पाऊस उशिरापर्यंत थांबतो, हे कागदावर आलं. दुसरं, आता इशाऱ्यात "सातारा घाट" असं वेगळं येतं आणि बाकीचा सातारा वेगळा. ही माझ्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट. ब्लॅनफर्डपासून आजपर्यंत सव्वाशे-दीडशे वर्षं लागली, पण डोंगर आणि देश हे दोन वेगळे आहेत, हे अंदाजानं मान्य केलं.

मी आता काय करतो

सल्ला म्हणून नाही, माझी पद्धत म्हणून सांगतो.

एक. पाऊस स्वतः मोजतो. सरळ काठाचा डबा, पट्टी, सकाळी साडेआठला. खातंही साडेआठलाच मोजतं, म्हणून ताळा जुळतो. अडीच मिलिमीटरच्या वर झाला तरच तो पावसाचा दिवस. मंडळाच्या केंद्रावर झालेला पाऊस आणि माझ्या रानातला पाऊस ह्यांत एकाच दिवशी वीस-तीस मिलिमीटरचा फरक मी पाहिलाय.

दोन. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला येतो, तो वाचतो. त्यात "घाट" लिहिलंय का नुसता जिल्हा, हे आधी बघतो.

तीन. शाळू १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरमध्ये पेरायचा, पण तारखेवर नाही, ओलीवर. कुदळीनं खणून बघतो. वीतभर खाली माती मुठीत दाबून गोळा झाला आणि वाफसा आला तर पाभर धरायची. धुळीत टोचणं २०१८ ला संपलं.

चार. मान्सून परतला ह्या बातमीचा अर्थ आता कळतो. एका भागात सलग पाच दिवस पाऊस नाही, हवेतलं बाष्प कमी झालं, वरचा वारा फिरला, की तिथनं परतला म्हणतात. पण राजस्थानातून परतला म्हणजे माणमधून परतला नव्हे. आणि परतल्यावरही बंगालच्या उपसागराला कुणी कुलूप लावलेलं नसतं. ऑक्टोबर संपेपर्यंत ताडपत्री खळ्यावरच.

परवा आईला विचारलं, तुला कसं कळायचं गं पाऊस येणार ते? ती ऐंशीच्या पुढं आहे. म्हणाली, "कळत काय न्हवतं बाबा. म्हणून तर बी मडक्यात ठेवायचो."

उतरंड आता राहिली नाही. पण ह्या साली चार एकरांपुरता शाळू पेरायला काढलाय आणि दोन एकराचं बी वेगळं बांधून ठेवलंय. पहिली पेर वाहून गेली किंवा करपली तर दुसरीला असावं. माझ्यापाशी असलेला सगळ्यात पक्का अंदाज तेवढाच.

आत्ता लिहिता लिहिता पूर्वेला बारीक वीज हलतेय. लांब आहे, आटपाडीच्याही पलीकडं. मेव्हण्याला फोन लावला. म्हणाला, "आमच्याकडं चांदणं पडलंय दाजी." म्हणलं, असंच राहू दे दोन्हीकडं. तुझं चांदणं तुला, माझी वीज मला.

तुमच्याकडं उत्तरा कशी गेली? किती मिलिमीटर, आणि गाव डोंगराच्या कुठल्या अंगाला, एवढं नक्की कळवा. हस्त संपला की सगळ्यांचे आकडे एका ठिकाणी मांडू.

राम राम.